वर्ग डब्यात होता, तो गाडीत आला

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले. काहींचा जीव गेला. त्यानंतर रेल्वे मंत्रालयाने जाहीर केले की यापुढच्या नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारे असतील आणि जुन्या साध्या गाड्यांनाही ती बसवली जातील. हवा खेळती राहावी म्हणून दारांना झडपा, छतावर बाहेरची हवा आत ओढणारी यंत्रे आणि एका डब्यातून दुसऱ्यात जायला वाट, असा तो आराखडा. तेव्हापासून मुंबईत जो वाद पेटला आहे त्याची दोन टोके ठरून गेली आहेत. एक बाजू म्हणते, एसी लोकल म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, गरिबांच्या गाड्या हिसकावून त्या चालवल्या जातात. दुसरी म्हणते, पाच रुपयांत प्रवास करायचा आणि वर सुखसोयी मागायच्या, हे कसे चालेल? ज्याला नीट जायचे असेल त्याने पैसे मोजावेत. दोन्ही बाजू थंड हवेवर भांडतात. भांडायला हवे ते वेळापत्रकावर.

माझे मत आधीच सांगतो. सगळ्या लोकलना बंद दारे हवीत. मुंबईच्या दमट उकाड्यात आणि इतक्या गर्दीत दारे बंद करायची म्हटली की वातानुकूलन आलेच. तेव्हा सगळ्या लोकल वातानुकूलित झाल्या पाहिजेत, पण खरोखर ‘सगळ्या’, आणि आज दुसऱ्या वर्गाने जाणाऱ्याला परवडेल अशा भाड्यात. वेळापत्रकातली एक साधी फेरी काढून तिच्या जागी कितीतरी पट महाग फेरी घालायची, याला मी आधुनिकीकरण म्हणत नाही. जे होते तेच काढून दुसऱ्याला देणे आहे ते, आणि तेही ज्याच्याकडे कमी आहे त्याच्याकडून.

लोकलमध्ये वर्ग नवे नाहीत. पहिल्या वर्गाचा पास दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या कित्येक पट महाग आहे आणि म्हणून कोणी गाडी अडवल्याचे ऐकिवात नाही. मग ऑगस्ट २०२२ मध्ये कळव्याच्या प्रवाशांनी कारशेडमधून निघालेली एसी लोकल का अडवली? बदलापूरचे लोक का संतापले? मध्य रेल्वेला नव्याने सुरू केलेल्या दहा एसी फेऱ्या त्याच महिन्यात मागे का घ्याव्या लागल्या? मुंबईकराला दुसऱ्याचे सुख बघवत नाही म्हणून? ज्याने आयुष्यभर शेजारच्या डब्यातला पहिला वर्ग निमूटपणे पाहिला, त्याच्यावर हा आरोप टिकत नाही. फरक वेगळाच आहे. आजवर वर्ग डब्याला होता, गाडी एकच होती. सिग्नल मिळाला नाही की पहिल्या वर्गातले वकील आणि दुसऱ्या वर्गातला त्यांचा कारकून एकाच जागी खोळंबत. गाडी लवकर आली तर दोघांसाठी यायची आणि रद्द झाली तर दोघांची व्हायची.

एसी लोकलने वर्ग डब्यातून काढून गाडीला लावला. गर्दीच्या वेळी एका रुळावरून दर तीन-चार मिनिटांनी एक गाडी जाते, त्याहून फार जास्त जाऊ शकत नाही. म्हणजे मुंबईत खरी टंचाई आसनांची नाही, फेऱ्यांची आहे, आणि नेमकी हीच टंचाईची वस्तू आता भाड्याप्रमाणे वाटली जाऊ लागली. समजा, रोजची ८.१२ ची गाडी एसी झाली. साध्या पासवाल्याची ८.१२ गेली. तो ८.१९ ला चढतो, पण त्या गाडीत आता दोन गाड्यांची माणसे आहेत, म्हणून तो दारात उभा राहतो, एक पाय आत, एक बाहेर. सुरक्षिततेसाठी आणलेली गाडी तिच्या मागून येणाऱ्या गाडीतल्या माणसाला दाराबाहेर ढकलते. मुंब्र्याच्या अपघातानंतर ‘म्हणूनच एसी लोकल वाढवा’ असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा. पुढच्या गाडीत वाचलेला जीव मागच्या गाडीत टांगणीला लागत असेल, तर आपण नक्की काय वाचवले?

या प्रश्नाकडे बघताना मला हार्बर मार्गाचा, म्हणजे मुंबईच्या पूर्व किनाऱ्याने नवी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमार्गाचा, इतिहास सगळ्यांत उपयोगी वाटतो. मुंबईच्या रेल्वेची गोष्ट आपण नेहमी १६ एप्रिल १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीपासून सुरू करतो, तिची तीन इंजिने आणि तोफांची सलामी इथेच रमतो. हार्बरच्या वाट्याला असे कौतुक आले नाही. कुर्ला ते रे रोड हा तिचा पहिला तुकडा १२ डिसेंबर १९१० रोजी सुरू झाला, तो गोदीच्या ओढीने. शहराचा पूर्व किनारा तेव्हा बंदराच्या कामातून घडत होता. प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक झाले होते, अलेक्झांड्रा डॉकचे काम चालू होते, समुद्रात भराव घालून वखारींसाठी जमीन तयार होत होती. कापसाचा बाजार पुढे कुलाब्याहून शिवडीच्या बाजूला आला आणि कॉटन ग्रीन हे नाव स्टेशनाला मिळाले. हा मार्ग हवा खायला जाणाऱ्यांचा कधीच नव्हता. गोण्या वाहणारा, गासड्या रचणारा, जहाजावर माल चढवणारा माणूस या गाडीचा उतारू होता, आणि आजही शिवडी, गोवंडी, मानखुर्दच्या फलाटांवर पहाटे उभे राहिले तर अंगमेहनतीने पोट भरणारी माणसेच जास्त दिसतात.

आणि तरीही देशातली पहिली विजेची गाडी याच मार्गावर धावली. रे रोडहून व्हिक्टोरिया टर्मिनसपर्यंत जायचे तर मध्ये दाट वस्ती होती, म्हणून डॉकयार्ड रोड ते सँडहर्स्ट रोड हे रूळ उचलून पुलावर न्यावे लागले. तो तीव्र चढ वाफेच्या इंजिनांना जड होता, विजेच्या गाडीला नव्हता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या गाडीला निशाण दाखवले. १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी, चार डब्यांची गाडी. त्या काळच्या हिंदुस्थानात याहून आधुनिक प्रवास दुसरा नव्हता. तिच्यात वरचा वर्ग होता, खालचाही होता. पण वीज आली ती अख्ख्या मार्गाला आली. साहेबांना विजेची गाडी आणि हमालांना वाफेची, अशी वाटणी वसाहतीच्या सरकारनेही या मार्गावर केली नाही. भेदभावात ते सरकार कोणाला हार जाणारे नव्हते. मग हे कसे घडले? कारण रेल्वे चालवणाऱ्यांना एक साधी गोष्ट कळत होती: एकाच रुळावर दोन वेगांच्या, दोन तऱ्हांच्या गाड्या मिसळल्या की दोन्ही अडतात.

पुढची नव्वद वर्षे मात्र हार्बर सगळ्यांच्या मागे राहिली. पश्चिम आणि मध्य मार्गांवर बारा डब्यांच्या गाड्या १९८० च्या दशकातच आल्या. हार्बरवाले २०१६ पर्यंत नऊ डब्यांत कोंबले जात होते. त्या वर्षी फेब्रुवारीत सीएसएमटीचे, म्हणजे पूर्वीच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे, १ आणि २ क्रमांकाचे फलाट लांब करण्यासाठी ७२ तासांचा ब्लॉक घेतला गेला आणि मग बारा डबे आले. डीसी वीजही सर्वांत शेवटी इथेच राहिली. जिथे ती १९२५ मध्ये पहिल्यांदा आली होती तिथूनच एप्रिल २०१६ मध्ये तिची शेवटची गाडी निघाली आणि २५,००० व्होल्ट एसी वीज सुरू झाली (हा एसी थंड हवेचा नव्हे, दिशा बदलत वाहणाऱ्या विजेचा). गाड्यांचेही तसेच. पश्चिम मार्गाला नवे डबे आले की त्यांचे वापरलेले डबे हार्बरला मिळत. हार्बरच्या प्रवाशाला आपण सावत्र आहोत असे वाटते ते काही मनाचे खेळ नाहीत.

पण २०१६ चे ते दोन बदल नीट पाहण्यासारखे आहेत. नऊचे बारा डबे झाले म्हणजे प्रत्येक फेरीची क्षमता एका झटक्यात एक तृतीयांशाने वाढली. नवी वीज आली म्हणजे गाडी जास्त वेगाने पळवण्याची सोय झाली. कित्येक दशकांतली हार्बरची ही सर्वांत मोठी सुधारणा होती, आणि तिच्यासाठी वेगळे तिकीट लावले गेले नाही. बारा डब्यांच्या गाडीचा पास महाग आणि नऊ डब्यांच्या गाडीचा स्वस्त, असे कोणी सुचवले असते तर त्याचे बोलणे कोणी ऐकून तरी घेतले असते का? मग दारे आणि हवा यांच्याच बाबतीत आपण ते मुकाट का स्वीकारतो?

‘पैसे कुठून आणायचे?’ हा पहिला आक्षेप, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट पाच रुपये आहे. पासाने रोज येणाऱ्याला प्रत्येक फेरी आणखी स्वस्त पडते. एवढ्या पैशांत गाड्यांची देखभालही भागत नाही, मग वातानुकूलित गाड्या, त्यांची वाढीव वीज, दारांची यंत्रणा, तिची दुरुस्ती कशातून होणार? जे म्हणतात की सरकारने द्यावे, त्यांना विचारायला हवे की कोणत्या सरकारने आणि कोणाच्या वाट्यातून. गडचिरोलीच्या करदात्याने मुंबईच्या थंड डब्याचा खर्च का उचलावा? हा प्रश्न रास्त आहे. तेव्हा स्पष्ट म्हणतो: भाडे वाढवावे लागले तर वाढवा, पण थोडे, आणि सगळ्यांचे.

मोठा पैसा मात्र तिकिटाबाहेर आहे, आणि तो कुठे आहे हे हार्बरनेच दाखवून दिले आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची. वाशीचा खाडीपूल १९७३ ला वाहतुकीला खुला झाला. रेल्वेला मात्र मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला पोहोचायला मे १९९२ उजाडावे लागले, आणि पनवेलला १९९८. वीस वर्षे नवी मुंबई रस्त्याच्या भरवशावर ताटकळली. ती कोंडी फुटली कशी? नवी मुंबईतल्या रेल्वेच्या खर्चात ६७ टक्के सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने घालायचे, या करारामुळे. सिडकोचा पैसा आला जमिनीतून. स्टेशन येणार म्हटल्यावर आजूबाजूच्या भूखंडांचे भाव चढले, तो चढलेला भाव सिडकोच्या हाती आला आणि त्यातून रूळ घातले गेले. वाशी आणि बेलापूरच्या स्टेशनांवर कचेऱ्यांचे मजले उगाच उभे नाहीत. उरणपर्यंतचा मार्ग, जो जानेवारी २०२४ मध्ये पूर्ण झाला, तोही याच वाटणीतून झाला. खारघर, उलवे, पनवेल इथल्या घरांच्या जाहिरातीत ‘स्टेशनपासून पाच मिनिटे’ हे शब्द सगळ्यांत ठळक असतात. त्या पाच मिनिटांची किंमत कोणाच्या खिशात जाते? बांधकाम व्यावसायिकाच्या, आधी जमीन घेऊन बसलेल्याच्या. गाडी चालवणाऱ्या रेल्वेला त्यातले काही मिळत नाही आणि मग ती वसुलीसाठी मानखुर्दच्या घरकामवाल्या बाईंकडे वळते.

हे काही हवेतले स्वप्न नाही. मुंबईत घर घेणारा माणूस २०२२ पासून मुद्रांक शुल्काबरोबर घराच्या किमतीवर एक टक्का मेट्रो अधिभार भरतो. वाहतुकीमुळे जमिनीचा भाव वाढतो, म्हणून जमिनीच्या व्यवहारातून वाहतुकीला पैसा द्यावा, हे तत्त्व राज्य सरकारने मान्य केलेले आहे. मग ज्या लोकलवर या महानगराचा सर्वाधिक भार आहे, तिच्या नावाने असा हिस्सा का नसावा? एमयूटीपी या मुंबईच्या लोकल सुधारण्याच्या योजनेतल्या प्रकल्पांत राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा वाटा उचलतात, त्यामुळे ‘लोकल केंद्राची, आमचा काय संबंध’ असे म्हणायची सोय राज्याला उरलेली नाही. आणखी एक गोष्ट. स्वस्त पास ही प्रवाशाला दिलेली खैरात आहे, असे समजणारे विसरतात की तो पास नोकरी देणाऱ्यालाही मिळालेला आहे. नालासोपाऱ्याहून, कर्जतहून, पनवेलहून माणूस आहे त्या पगारात फोर्टात आणि बीकेसीत कामाला येतो, कारण त्याला येणे परवडते. पास तिप्पट झाला तर एक तर पगार वाढवावा लागेल, नाही तर माणूस मिळणार नाही.

गरिबाच्या तिकिटातून रेल्वेचे भागत नाही, हे वाक्य तसे जुने आहे. हिंदुस्थानात रेल्वे आली तेव्हाही गोऱ्या साहेबांत असे म्हणणारे होते की इथला दरिद्री माणूस गाडीत बसणारच नाही, पैसा मिळेल तो मालवाहतुकीतून आणि वरच्या वर्गातून. झाले उलटे. प्रवासी उत्पन्नाचा मोठा भाग तिसऱ्या वर्गाने दिला, कारण माणसे अमाप होती. पुष्कळ लोकांकडून थोडेथोडे घ्यायचे, यावरच ही व्यवस्था उभी राहिली आहे.

दुसरा आक्षेप असा, की लोकांनाच एसी लोकल हवी आहे, पश्चिम मार्गावर बघा, भरून वाहते. हेही खरे आहे. २५ डिसेंबर २०१७ ला पश्चिम मार्गावर पहिली एसी लोकल धावली तेव्हा ती अर्धीमुर्धी रिकामी जायची, आज तिच्यात उभे राहायला जागा नसते. पण हे घडले कधी? मे २०२२ मध्ये तिकीट निम्म्यावर आणल्यानंतर गर्दीने जोर धरला. म्हणजे अडसर हवेचा नव्हता, किमतीचा होता. आता हार्बर बघा. ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या ट्रान्स-हार्बरवर जानेवारी २०२० मध्ये मध्य रेल्वेची पहिली एसी लोकल सुरू झाली, पुढे हार्बरवरही फेऱ्या आल्या. प्रतिसाद नाही म्हणून मे २०२२ मध्ये हार्बरवरच्या एसी फेऱ्या काढून मुख्य मार्गावर नेल्या. ज्या महिन्यात तिकीट निम्मे झाले त्याच महिन्यात! आणि पासाचे दर तेव्हा कमी झालेच नव्हते. रोजचा प्रवासी तर पासावर जातो. चेंबूरच्या आणि गोवंडीच्या माणसाला घाम प्रिय आहे, असा निष्कर्ष यातून काढायचा का? त्याला ती गाडी परवडली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे, आणि तो भाड्याचा नसून जिवाचा आहे. इतक्या गर्दीत दारे बंद होणारच नाहीत, प्रत्येक स्टेशनवर गाडी जास्त थांबेल, फेऱ्या उलट कमी होतील. आणि बंद गाडी वीज गेल्यामुळे मध्येच उभी राहिली तर आतले लोक गुदमरतील. ही भीती काल्पनिक नाही. १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसात हार्बर मार्गाची वाहतूक बंद पडली. लोक मोनोरेलकडे वळले. ठरल्यापेक्षा जास्त वजन झाले, मोनोरेलचा वीजपुरवठ्याशी संपर्क तुटला आणि शेकडो माणसे बंद डब्यात, हवेविना, उंचावर अडकली. अग्निशमन दलाने शिड्या लावून त्यांना काढले. चेंबूर-वडाळा मोनोरेल २०१४ ची, पुढे संत गाडगे महाराज चौकापर्यंत वाढवलेली, आणि जवळजवळ हार्बरच्याच अंगाने जाणारी. आधुनिक होती, थंड होती, दारे बंद होती. एरवी ती रिकामी जायची, आणि ज्या दिवशी खरी गरज पडली त्या दिवशी तिला माणसांचे वजन पेलले नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये तिची सेवा सुधारणांसाठी बंदच ठेवावी लागली.

म्हणून दारांचा प्रश्न फेऱ्यांच्या प्रश्नापासून तोडता येत नाही. चौरस मीटरमध्ये चौदा-सोळा माणसे उभी असतील तर कोणतेही दार सुखासुखी बंद होणार नाही, आणि झाले तरी आतल्याला श्वास मिळणार नाही. साध्या गाडीला झडपांची दारे बसवणे मी फार तर तात्पुरता उपाय मानतो. मे महिन्यात मानखुर्दच्या अलीकडे गाडी सिग्नलला खोळंबली की त्या झडपांतून किती हवा येईल, हे रोजच्या प्रवाशाला विचारा. पण म्हणून दारे नकोतच, असे म्हणणाऱ्यांनाही माझा पाठिंबा नाही. या शहराच्या रेल्वेमार्गांवर दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यातली सर्वाधिक रूळ ओलांडताना मरतात, आणि त्यांच्यासाठी दार नव्हे, पादचारी पूल आणि कुंपण हवे. पण गाडीतून पडून मरणारेही शेकड्यांनी असतात. ‘दारात वारा खायची मजा’ ही त्यांच्या मृत्यूपुढे ठेवण्यासारखी गोष्ट नाही. दारात उभे राहणारे बहुतेक जण मजेसाठी उभे नसतात, त्यांना आत जागाच नसते.

फेऱ्या वाढतील कशा? हार्बरवर अडचण कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. सीएसएमटीला या मार्गाला फक्त दोन फलाट. तिथून वडाळ्यापर्यंत पनवेलची आणि गोरेगावची, दोन्हीकडची गाडी एकाच जोडरुळावर, त्यामुळे एकीकडची फेरी वाढवली की दुसरीकडची घटते. जलद मार्ग नाहीच. पनवेलचा प्रवासी ४९ किलोमीटरसाठी जवळजवळ ८० मिनिटे प्रत्येक स्टेशनवर थांबत येतो. सीएसएमटी ते पनवेल उन्नत जलद मार्गाच्या चर्चा कित्येक वर्षे झाल्या, रूळ पडला नाही, आणि दरम्यान पनवेलच्या दाराशी विमानतळ सुरूही झाला. गाड्यांमधले अंतर कमी करणारी सीबीटीसी ही सिग्नल यंत्रणा मुंबईतल्या मेट्रोंत चालते, आणि लोकलसाठी ती एमयूटीपी-३ए मध्ये कागदावर आहे. नेत्यांच्या भाषणात मात्र ती क्वचितच येते. थंड डबा फोटोत दिसतो, सिग्नल दिसत नाही. तीन मिनिटांचे अंतर दोन मिनिटांवर आणता आले तर तेवढ्याच रुळांवर दीडपट गाड्या जातील. त्यासाठी फलाट, वीजपुरवठा, कारशेड सगळे वाढवावे लागेल, ते सोपे नाही. पण दारे बंद होण्याची शक्यता तिथेच तयार होते.

‘मेट्रो येते आहे, लोकलची गर्दी आपोआप ओसरेल’ असेही सांगितले जाते. आरे ते कफ परेड ही साडेतेहतीस किलोमीटरची मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाली, तिचा उपयोग होतो आहे आणि मला तिचा आनंदच आहे. पण शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोडच्या माणसाला ती काय उपयोगाची? लोकलने रोज सुमारे ७५ लाख फेऱ्या होतात. तो भार मेट्रो उद्या उचलेल असे धरून लोकलमधला माणूस आज वाऱ्यावर सोडता येणार नाही.

आणि मालडबा. एसीच्या चर्चेत त्याचे नाव कोणी काढत नाही म्हणून मी काढतो. भाऊच्या धक्क्यावरून मासळी घेऊन डॉकयार्ड रोडला गाडी पकडणारी कोळीण, भाजीच्या गोण्या घेऊन येणारा विक्रेता, डबेवाले, या सगळ्यांचा व्यवसाय त्या एका डब्यावर चालतो. नव्या गाडीचा आराखडा कार्यालयात जाणाऱ्या हलक्या हातांच्या प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून काढला, तर ही माणसे टेम्पोच्या भाड्यात बुडतील. बंद दारांच्या गाडीत वासाची मासळी कशी न्यायची, हवा वेगळी कशी ठेवायची, हा अभियंत्यांनी सोडवायचा प्रश्न आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. मालडबा गाळणे हे त्याचे उत्तर नव्हे.

तिकीट न वाढवता सगळ्या लोकल वातानुकूलित करू, असे आश्वासन राज्य सरकारने २०२५ मध्ये दिले आहे. मी ते मनापासून गांभीर्याने घेतो आणि म्हणूनच त्याला तारीख आणि आकडा मागतो. एमयूटीपी-३ आणि ३ए मधून २३८ नव्या गाड्या यायच्या आहेत. त्या एकदम येणार नाहीत, काही वर्षे नव्या आणि जुन्या गाड्या एकाच मार्गावर धावतील, आणि त्या मधल्या काळातच सगळा अन्याय व्हायचा तो होईल. तेव्हा त्या काळासाठी नियम आत्ताच ठरवा. नवी गाडी जुन्या फेरीच्या जागी आली तर त्याच पासावर चालेल. वेगळे भाडे लावायचे असेल तर फेरी जादा असली पाहिजे, कोणाची काढलेली नव्हे. एका मार्गाच्या सगळ्या गाड्या बदलून झाल्यावर दुसरा मार्ग हाती घ्या, १९२५ मध्ये केले तसे, म्हणजे दोन तऱ्हांच्या गाड्यांची खिचडी होणार नाही. आणि सुरुवात हार्बरपासून करा. तिथे जलद-धीमे असा भेद नाही, सगळ्या गाड्या बारा डब्यांच्या आहेत, आणि तिथल्या प्रवाशाने बारा डब्यांसाठी आधीच तीस वर्षे वाट पाहिली आहे. हे निविदेच्या टप्प्यावर आणि वेळापत्रक आखतानाच लेखी घ्यावे लागेल. गाड्या कारशेडमध्ये येऊन उभ्या राहिल्यावर ते कोणी लिहून देणार नाही, आणि मग पुन्हा एखाद्या सकाळी लोक कळव्यासारखे रुळांवर उतरतील.